धाकटी शहर बघायला येते

“ताई, इथून नदी दिसते गं!” रिकाम्या फ्लॅटच्या खिडकीतून अर्धी बाहेर वाकून धाकटी ओरडली.

“दिसते,” ताई दारातूनच म्हणाली. “उन्हाळ्यात वासही येतो.”

फ्लॅट दाखवायला आलेल्या दलालाने दचकून ताईकडे पाहिलं. ही बाई गिऱ्हाइकाबरोबर आली आहे की समोरच्या इमारतीवाल्यांनी पाठवली आहे, हे त्याला कळेना. त्याने घाईघाईने स्वयंपाकघराचा विषय काढला. धाकटीने तिथला नळ सोडून पाहिला, कपाटांची दारं उघडून लावली आणि खोलीच्या मधोमध डोळे मिटून उभी राहिली.

“किती शांत आहे! आमच्याकडे घरातल्या घरात बोलायचं तरी खिडक्या लावून घ्याव्या लागतात.”

“दुपार आहे म्हणून. खाली शाळा आहे. ती सुटू दे, मग बघ.”

“मुलांचा गलका तर मला आवडतो,” धाकटी म्हणाली. दलालाला एकदम हुरूप आला आणि तो बाल्कनीचं कौतुक सांगायला लागला.

धाकटी शहर बघायला आली होती. म्हणजे ज्या शहरात ती जन्मली, शिकली आणि लग्न होताच जिथून निघताना तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, ते शहर राहण्यासारखं आहे का, हे ठरवायला. तिच्या नवऱ्याची नोकरी संपत आली होती. मुलगी परदेशात रमली होती. महानगरात आता आमचा जीव घुसमटतो, फार मोठं नको आणि फार लहानही नको, मध्यम आकाराचं शहर हवं, असं तिने फोनवर सांगितलं होतं. जणू चपलाच घ्यायच्या होत्या.

ताई तेव्हा “ये की” म्हणाली आणि फोन ठेवल्या क्षणापासून तिच्या पोटात दुखायला लागलं.

तिचं दुखणं जुनंच होतं. ज्या वयात जग बघायचं त्या वयात धाकटीने जग पाहिलं आणि ताईने बाबांच्या औषधांच्या वेळा पाहिल्या. महानगरातल्या एका मोठ्या इस्पितळातून ताईलाही एकदा नोकरीसाठी बोलावणं आलं होतं. त्याच वर्षी बाबांनी अंथरूण धरलं, आणि धाकटी तर लग्न करून मोकळी झालेली. आपली काही तक्रार नाही, असं ताई सगळ्यांना सांगायची. तक्रार होती, चांगली घसघशीत होती. बाबा गेल्यावर तिने मनाची एकाच गोष्टीवर समजूत घातली होती : धाकटीला सगळं मिळालं असेल, पण आई माझ्याकडे आहे. आता धाकटी त्याही वाट्याला हात घालायला आली होती, तेसुद्धा नदी दिसणाऱ्या फ्लॅटमधून.

परत येताना त्या बाजारातून चालत आल्या. धाकटीला सगळ्याचंच कौतुक. रस्ता ओलांडताना मोटारवाला थांबला, तर ही त्याला हात करून धन्यवाद देते! भाजीवालीने निवडून चांगले टोमॅटो दिले, तर हिचे डोळे भरून येतात! वाचनालयाच्या पायऱ्यांवर म्हातारे उन्हात बसले होते, त्यांचा तिने फोटो काढला आणि लगेच नवऱ्याला पाठवला.

“ताई, तुला किंमत नाही गं याची. वीस मिनिटांत सगळं शहर पायाखाली येतं.”

“येतं ना. म्हणूनच इथे कुणी सुखाने आजारीसुद्धा पडू शकत नाही. आपण घरी पोचायच्या आत शेजारीण विचारते, ताप उतरला का म्हणून.”

“मला तेच हवंय. आमच्या मजल्यावर कोण राहतं ते मला माहीत नाही.”

ताईने नाक मुरडलं. पुढच्याच चौकात धाकटीने जुन्या चित्रपटगृहाच्या जागी उभी राहिलेली गाड्या लावायची इमारत पाहिली आणि हळहळून म्हणाली, “इथे आता नाटक-गाणं काहीच होत नसेल, नाही? संध्याकाळी माणसाने करायचं काय?”

“का होत नाही?” ताई फाडकन म्हणाली. “नगरपालिकेच्या सभागृहात दर आठवड्याला काहीतरी असतं. तुमच्याकडे चार तास प्रवास करून ऐकायचं ते इथे जेवून हात धुऊन गेलं तरी चालतं.”

त्या सभागृहात ती स्वतः कितीतरी वर्षांत फिरकली नव्हती. पण शहराला नावं ठेवायची तर ती आपण ठेवायची. धाकटीने कशाला? आणि धाकटीने चांगलं म्हटलेलंही तिला सोसत नव्हतं. दोन्हीकडून तिचा तिळपापड होत होता.

घरी आई दार उघडून उभी होती. दोघी दिसल्याबरोबर तिचा चेहरा फुलला. ताई रोज कामावरून येते तेव्हा तो असा फुलत नाही, हे ताईने नेमकं टिपलं.

धाकटीने चप्पल काढता काढता बोलायला सुरुवात केली ती चहा होईपर्यंत थांबली नाही. फ्लॅट, नदी, टोमॅटो, म्हातारे. आवाज तोच, लहानपणचा. बारीक, सरसर वाहणारा. पाहुणे आले की धाकटीला गायला बसवायचे आणि ताईला पाणी आणायला पाठवायचे. ताईचा आवाज जाडाभरडा. आजही फोनवर अनोळखी माणूस तिला “हो साहेब” म्हणतो. आई धाकटीच्या तोंडाकडे बघत होती, हसत होती, अधूनमधून मान डोलावत होती. मध्येच म्हणाली, “हो का? छान, छान.” तेव्हा धाकटी गटार तुंबलेल्या एका गल्लीबद्दल सांगत होती.

धाकटी थबकली. मग ताईकडे वळून हळूच म्हणाली, “हिला ऐकू येतंय ना गं?”

“वय झालं,” ताई म्हणाली. मग आईकडे वळून आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, “आई, चहात साखर घालू?”

“अर्धाच चमचा घाल,” आई लगेच म्हणाली.

ताईला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

ताई कानाच्या दवाखान्यात कामाला होती. कान तपासायचे, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना कानाचं मशीन बसवून द्यायचं आणि संगणकाला जोडून ते ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे लावून द्यायचं, हे तिचं काम. पेशंट तिला मशीनवाल्या बाई म्हणत. आईचं मशीनही तिनेच लावलं होतं. म्हातारपणी आधी बारीक आवाज जातात आणि जाड आवाज टिकून राहतात. मशीनने ते बारीक आवाज वाढवून दिले, तेव्हा आईला सुरुवातीला फार त्रास झाला. चमचा वाजला की दचकायची, वर्तमानपत्राचं पान उलटलं की कानावर हात ठेवायची. मग दर थोड्या दिवसांनी ताई तिला दवाखान्यात नेई, बारीक आवाज जरासे खाली घेई आणि विचारी, “आता?” आई म्हणे, “आता छान येतंय तुझं.” असं करत करत मशीन अगदी आईच्या मनासारखं झालं.

संध्याकाळी धाकटी नवऱ्याशी फोनवर बोलायला गच्चीत गेली, तशी आईने ताईची बाही ओढली. “काय काय म्हणत होती गं ती? सगळं सांग.”

धाकटी आल्यापासून हे रोज चाललं होतं. ताईने सांगायचं आणि आईने ऐकायचं. ताईने फ्लॅट सांगितला, नदी सांगितली, नदीचा वास सांगितला. धाकटीने आईसाठी बाल्कनीत खुर्ची कुठे ठेवायची तेसुद्धा ठरवलं होतं, ते तिने सांगितलं नाही. विसरले, असं तिने मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात एक आजोबा आले. नवं मशीन घेऊन थोडेच दिवस झाले होते. बरोबर त्यांची बायको होती. “हिचं सगळं ऐकू येतं,” आजोबा म्हणाले, “पण नात बोलायला लागली की नुसते ओठ हलतात.”

ताई नेहमीच्या सवयीने म्हणाली, “मग एकट्या आजींना कशाला आणलंत? मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं ना? घरातली सगळी माणसं घेऊन या. एकेकाने समोर बसून बोलायचं. एकाच माणसाच्या आवाजावर मशीन लावलं तर ते त्याच माणसाचं होऊन बसतं.”

आजोबा ओशाळून हसले. ताईचा हात मात्र संगणकाच्या कळीवर तसाच राहिला. हे वाक्य ती रोज म्हणत आली होती. पण घरातली सगळी माणसं म्हणजे तिच्या घरात ती एकटीच. आईसमोर बसून “आता?” असं आजवर दुसऱ्या कुणी विचारलंच नव्हतं.

आजोबांना नातीला घेऊन यायला सांगून तिने परत पाठवलं. दिवसभर ती काम करत राहिली आणि दिवसभर एकच विचार मनात घोळत राहिला. आईचं वय झालेलं नाही, आईचं मशीन माझं झालेलं आहे. आईला दवाखान्यात आणायचं, धाकटीला समोर बसवायचं आणि बारीक आवाज वर घ्यायचे, एवढंच काम. चहा प्यायला लागतो तेवढा वेळ. दुसऱ्या कुणाची आई असती तर ताईने फोन करून बोलावून घेतली असती.

घरी जाताना ती मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेली. चुकून झालं, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं, आणि ते खरंही होतं. पण आज कळल्यावरही तिला ते दुरुस्त करायचं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. धाकटीला गळा मिळाला, कौतुक मिळालं, नवरा, मुलगी, महानगर, सगळं मिळालं. जगात एकच माणूस असं होतं, ज्याला धाकटीपेक्षा ताईचा आवाज बरा वाटत होता. ते माणूस ताई देणार नव्हती.

घरात शिरली तर धाकटी आईच्या पायाशी बसलेली होती. आईचा हात तिच्या हातात होता आणि धाकटीचे डोळे पाणावलेले होते.

“आई, मी इथे राहायला येऊ का गं? तुझ्याजवळ? खरं सांग.”

आई तिच्याकडे बघून हसली. तिचे केस कानामागे सारले आणि म्हणाली, “ते पडदे धुवायला झालेत बघ. तू आलीस आणि घर असं पसरलेलं.”

धाकटी उठली आणि स्वयंपाकघरात गेली. ताई तिच्यामागे गेली. धाकटीने ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले.

“नाही येत आम्ही,” ती म्हणाली. “मी यांना सांगून टाकते.”

“का? शहर आवडलं नाही?” ताईने विचारलं.

“शहर चांगलंच आहे गं. रस्ते चांगले, हवा चांगली, इस्पितळ जवळ. पण मी काय नदी बघायला येत होते? मला वाटलं, हिची शेवटची वर्षं मिळतील. मी दूर राहिले ते थोडं तरी भरून निघेल. पण तिला माझं काहीच पोचत नाही. तू एक शब्द बोललीस की पोचतो. मग मी इथे येऊन काय करू? तुमच्या दोघींत पाहुणी होऊन बसू?”

ताईने ग्लास विसळला. “वय झालंय तिचं,” ती पुन्हा म्हणाली.

“तुझं बरं आहे ताई. खरंच हेवा वाटतो तुझा.”

हे वाक्य ऐकण्यासाठी ताई उभा जन्म थांबली होती. ऐकल्यावर काय होईल याची तिने कितीदा कल्पना केली होती. प्रत्यक्षात काहीच झालं नाही. धाकटी सामान भरायला गेली आणि ताईने तोच ग्लास पुन्हा विसळला.

जेवणानंतर आईने बाही ओढली. “काय विचारत होती गं ती मघाशी? रडत होती का?”

“काही नाही. शहराबद्दलच बोलत होती. रहदारी बरी आहे म्हणाली.”

“रहदारीसाठी कुणी रडतं का?”

“सर्दी झालीय तिला,” ताई म्हणाली आणि उठून गेली.

सकाळी ताई कामावर निघाली. धाकटीची बस दुपारची होती. धाकटी अंघोळीला गेलेली पाहून आई दाराशी आली. ताईला वाटलं, नेहमीसारखं काही आणायला सांगायचं असेल.

“तू तिचं सगळं मला सांगतेस,” आई म्हणाली, “उपकार आहेत बाई तुझे. पण तुझ्या तोंडून ऐकलं ना, की ती पण तुझ्यासारखीच वाटते. तिचा आवाज कसा होता, तेच मला आता आठवत नाही. मी नुसती हसते झालं. तिला सांगू नकोस हं, वाईट वाटेल.”

ताईच्या कानशिलात कुणी लगावल्यासारखं झालं. तुझ्यासारखीच वाटते! इतकी वर्षं हाक मारली की ओ दिली, रात्री-अपरात्री उठले, एकेक शब्द हिच्या कानात ओतला, आणि शेवटी हिला चुकल्याचुकल्यासारखं कशाविना वाटतं, तर त्या दुसऱ्या आवाजाविना.

“चप्पल घाल,” ताई म्हणाली.

“आता? कुठे?”

“दवाखान्यात. आणि तिलाही घे. ऐकायचंय ना तिचं? ऐक मग, पोटभर ऐक!”

दया आली म्हणून नव्हे, संतापाने ती त्यांना घेऊन गेली. रिक्षात ओल्या केसांनिशी धाकटी “झालं काय?” म्हणून विचारत राहिली, आणि आई दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली.

दवाखान्यात कान तपासायची एक छोटी खोली होती. जाड दार, भिंतींना स्पंज, समोर एक काच. आतलं बोलणं बाहेर येत नाही आणि बाहेरचा गोंगाट आत जात नाही. ताईने दोघींना तिथे समोरासमोर बसवलं आणि मशीन संगणकाला जोडलं.

“बोल,” ती धाकटीला म्हणाली.

“काय बोलू?”

“काहीही. टोमॅटोबद्दल बोल.”

धाकटी गोंधळून बोलायला लागली. परवा कुठला टोमॅटो घेतला, भाजीवाली काय म्हणाली. ताईने बारीक आवाज थोडे वर घेतले. आई हसत होती, तेच ठेवणीतलं हसू. अजून थोडे वर. आईच्या भुवया हलल्या. अजून थोडे. आईचं हसू मावळलं आणि ती पुढे सरकली.

“थांब,” आई म्हणाली. “घसा बसलाय का गं तुझा?”

धाकटीने गळ्याला हात लावला.

“आवाज किती थकलाय तुझा,” आई म्हणाली. “असा नव्हता.”

“म्हातारी झाले ना आई,” धाकटी म्हणाली आणि एकदम हसली, आणि हसता हसता रडायला लागली. आईला तेही ऐकू आलं. तिने खुर्ची ओढून जवळ घेतली.

“आई, त्रास होत नाही ना?” ताईने विचारलं. “चमचे-बिमचे आता पुन्हा वाजतील हं मोठ्याने.”

आई दचकली आणि कानावर हात ठेवला. “अगं हळू! किती ओरडतेस. येतंय मला ऐकू.”

“हो,” ताई म्हणाली.

तिने संगणक तसाच ठेवला, बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

काचेतून दोघी दिसत होत्या. धाकटीचे ओठ हलत होते. मग ते थांबले आणि ती वाट बघत राहिली. तिने काय विचारलं ते ताईला ठाऊक होतं. आईने दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि मान हलवली, होकाराची, पुन्हा पुन्हा. धाकटी येणार. नदी दिसणारा फ्लॅट घेणार, बाल्कनीत खुर्ची ठेवणार. ताईच्या पोटात पहिल्यासारखंच दुखलं. ते काही कमी झालेलं नव्हतं.

बाकावर एक वयस्क बाई चिठ्ठी हातात धरून बसल्या होत्या. नव्या दिसत होत्या. “आत अजून वेळ आहे का हो?” त्यांनी विचारलं.

ताईने तोंड उघडलं आणि जरा थांबली. मग जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाली, “आहे थोडा. बसा तुम्ही.”

“काय म्हणालात?” बाईंनी कान पुढे केला.

ताई वाकली आणि तिने आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, “वेळ लागेल! मायलेकी आहेत आत, फार वर्षांनी भेटतायत!”

“हां,” बाई समाधानाने म्हणाल्या. “तुमचं बरं ऐकू येतं.”

ताई त्यांच्या शेजारी बाकावर बसली, काचेकडे पाठ करून, आणि त्यांना कधीपासून कमी ऐकू येतं ते विचारू लागली.